तिसऱ्या चाकाचा कल

अलकनंदाबाईंनी छत्रीची मूठ साइडकारच्या पत्र्यावर दोनदा आपटली. अदितीने ब्रेक दाबलाच होता, पण तोवर डावीकडचं तिसरं चाक डांबर सोडून मातीत उतरलं होतं आणि शहाळ्यांच्या ढिगाला धडकून थांबलं होतं. दोन शहाळी गडगडत गटाराच्या कडेपर्यंत गेली. शहाळेवाली कोयता घेऊन उठली. साइडकारमध्ये ऐसपैस बसलेल्या बाईंकडे तिने एकवार पाहिलं आणि कोयता खाली ठेवला.

"अय्यो, पाट्टी!"

"पाट्टी असेल तुझी सासू," बाई मराठीतच म्हणाल्या. आजी कुणाला म्हणतात एवढं तमिळ आवडी गावात सेहेचाळीस वर्षं काढल्यावर त्यांना कळत होतं, आणि त्यांचं मराठी शहाळेवालीला कळलं नाही तरी सूर कळला. ती हसत शहाळी गोळा करायला गेली.

"अदिती, रस्ता उजवीकडे आहे गं."

"मी उजवीकडेच ओढतेय, आई. तीच डावीकडे जाते."

"का? डावीकडे माहेर आहे का तिचं?"

हेल्मेटची काच वर करून अदितीने घाम पुसला, खाली उतरली आणि दोन्ही हातांनी हँडल धरून गाडी पुन्हा डांबरावर आणली. सून नाशिकची, इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात इंजिनीअर, दिवसभर गाड्यांचे सुटे भाग मोजून पास-नापास करणारी. बाईंच्या मते, जी पोरगी केसाएवढा फरक पकडते तिला एवढा मोठा रस्ता पकडता येऊ नये म्हणजे नवल होतं. त्यांनी हे तिला आधीच दोनदा ऐकवलं होतं. तिसऱ्यांदा ऐकवणार होत्या, पण गाडी सुरू झाली आणि आवाजात ते राहून गेलं.

मोटरसायकल जुनी होती आणि साइडकार तिच्याहून जुनी. बाईंच्या नवऱ्याने, कृष्णकांतांनी, दोन्ही एकोणऐंशी साली, लग्नाच्या वर्षी, लष्कराच्या लिलावातून आणल्या होत्या. रणगाड्यांच्या कारखान्यात ते फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले, पण त्या सबंध काळात या गाडीला दुसऱ्या कुणाचा पाना लागू दिला नाही. गेल्या वर्षापासून त्यांचा हात थरथरू लागला. मग अदिती गाडी शिकली. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून शिकली, आणि बाईंनी तेव्हा एवढंच म्हटलं होतं की, बघू किती दिवस टिकतं.

गाडी लागतच होती, कारण बाईंचे गुडघे सहा वर्षं संपावर होते. ऑटोची पायरी चढायची तर कुणीतरी मागून ढकलावं लागतं, आणि अलकनंदाबाईंना मागून ढकलणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. साइडकारमध्ये मात्र त्या आपल्या हाताने बसत आणि आपल्या हाताने उठत. मंगळवारी बाजार, शुक्रवारी देऊळ, सणावारी अंबत्तूरच्या मराठी बायकांकडे हळदीकुंकू, वर्षातून दोनदा टी. नगरला लुगड्यांची खरेदी. तीन चाकं होती म्हणून बाईंना उंबऱ्याबाहेरचं जग होतं. आणि आज रविवार होता. दुपारी चारला लेकाने, संकेतने, गाडीला एक गिऱ्हाईक बोलावलं होतं. समुद्राकडच्या रस्त्यावर त्या माणसाचं हॉटेल होतं. त्याला ही गाडी दारात उभी करायची होती, म्हणजे जेवायला येणारे लोक साइडकारमध्ये बसून फोटो काढतील.

"लोक माझ्या जागेवर बसून दात काढणार," बाई म्हणाल्या होत्या.

"आई, तीनदा गॅरेजला गेली गाडी. तरी ओढते," संकेत म्हणाला होता. "एक दिवस लॉरीच्या खाली जाल दोघी. रविवारी सकाळी शेवटचं दाखवू. नाही सुधारली तर नाही."

लेक आयटीत असला तरी बोलणं बापासारखं होतं, कमी आणि पक्कं.

*

मानाजीरावांचं गॅरेज रस्त्याच्या कडेला, एका रद्दीच्या दुकानाला लागून होतं. मानाजीराव तंजावरकडचे मराठी, साठीचे, कपाळाला विभूती आणि कमरेला ग्रीसने काळी झालेली लुंगी. महिनाभरापूर्वी साइडकारच्या सांगाड्याला तडा गेला, तेव्हा कृष्णकांतांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. धुळीत जायला डॉक्टरांनी मनाई केली. म्हणून पहिल्यांदाच गाडी परक्या हातात पडली. साइडकार सोडवली, वेल्डिंगवाल्याकडे गेली, तिथून सरसकट काळा रंग लावून परत आली आणि मानाजीरावांनी ती पुन्हा जोडली. तेव्हापासून हे डावीकडचं वेड.

कृष्णकांत आणि संकेत ऑटोने आधीच येऊन बसले होते. कृष्णकांतांच्या डोळ्यांवर हिरवट काळा चष्मा होता आणि हात मांडीवर थरथरत होता.

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"शहाळी खाते," बाई म्हणाल्या. "मानाजीराव, आज हिचं काय ते निदान करा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं चाललंय तुमचं महिनाभर. कधी हवा भरता, कधी टायर बदलता."

"आज मुळापासून पाहतों, अम्मा. तुम्ही बसा, चहा घ्या की."

"तुमचं मराठी ऐकलं की वाटतं, आत्ताच दरबारातून पालखीने आलात."

"आमचे पणजे दरबारांतच होते, अम्मा. घोड्यांस नाल ठोकत."

"मग बरोबर आहे. तुम्ही चाकांना ठोकता."

मानाजीराव खळखळून हसले. मग त्यांनी पुढचं चाक जॅकवर उचललं, त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि चाकाचे दोन्ही दांडे धरून गाडी पुढेमागे हलवली. कान लावून ऐकावं तसे ते थांबले. पुन्हा हलवली. आतून कट असा बारीक आवाज आला.

"हें पाहा. मानेंतला कोनसेट कंजम, जरासा, ढिला झाला. गाडी हळू असतां हँडल थरथरतें की नाहीं?"

"हो," अदिती म्हणाली. "वीस-पंचवीसच्या वेगाला. हात सैल सोडला की जास्त."

"तें यामुळें. पण डावीकडे ओढतें तें वेगळें दुखणें. दोन दुखणीं एकांत एक मिसळलीं."

हँडलच्या मानेतला नट त्यांनी थोडा थोडा आवळला, दर वेळी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. मग चाकं गरागरा फिरवली, आऱ्यांवर नखाने टिचक्या मारल्या, सगळ्यांचा सूर एक आहे ना ते ऐकलं. तिन्ही टायरांची हवा मोजली. जमिनीवर दोन सरळ नळ्या टाकल्या, एक मोटरसायकलच्या चाकांना चिकटवून, एक साइडकारच्या चाकाला, आणि दोन्हींमधलं अंतर पुढून आणि मागून टेपने घेतलं. अदिती टेपचं दुसरं टोक धरून बसली होती. आकडा सांगताना तिचा आवाज अगदी वेगळा, कामावरचा निघत होता. बाईंनी तो याआधी ऐकला नव्हता.

"पुढे पंधरा मिलिमीटर कमी."

"तेवढेंच पाहिजे. तिसरें चाक जरासें आंत पाहतें. सरी, ठीक आहे."

मग त्यांनी ओळंबा सोडला. साइडकार रिकामी ठेवून नव्हे. महिन्याभरापूर्वीसारखीच आतल्या सीटवर वाळूची दोन पोती ठेवून. गाडी जराशी उजवीकडे कललेली असावी लागते, ते सगळ्यांना समजावून सांगत होते. आत माणूस बसला की साइडकार दबते, गाडी डावीकडे झुकते. तो झोक आधीच उलटा देऊन ठेवायचा. किती द्यायचा, ते बसणाराच्या वजनावर. साइडकारला गाडीशी बांधणारा वरचा आट्यांचा दांडा लांब केला की कल वाढतो, आखूड केला की कमी होतो. म्हणून तर महिन्याभरापूर्वी त्यांनी विचारलं होतं:

"बसणारांचें वजन किती म्हणून सांगा, अम्मा."

"बासष्ट," बाई म्हणाल्या होत्या. पापणी लवली नव्हती.

शेजारच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर दोन पोती बरोबर बासष्ट किलो भरली होती. आजही तीच होती.

"कल बरोबर," मानाजीराव ओळंबा गुंडाळत म्हणाले. "अदितीअम्मा, पोतीं घेऊन एक फेरी मारा."

अदिती गेली. सरळ रस्त्याला तिने हँडलवरचे पंजे उघडले, नुसते तळवे टेकवून ठेवले, आणि गाडी दोरीवरून चालावी तशी पुढच्या एका झाडापर्यंत गेली आणि आली. थरथर नाही, ओढ नाही. संकेतने भुवया वर केल्या.

"आतां अम्मांस घेऊन."

पोती उतरली, बाई चढल्या. पदर सारखा करून, छत्री मांडीवर आडवी ठेवून त्या बसल्या. गाडी निघाली. पन्नास पावलं झाली नसतील, हँडल डावीकडे वळायला लागलं. बाईंनी या वेळी छत्री आपटली नाही. त्यांनी मान वळवून अदितीच्या हाताकडे पाहिलं. दंडाची शीर फुगली होती, मनगट पांढरं पडलं होतं. ती रस्त्याशी भांडत नव्हती, गाडीशी भांडत होती, आणि तोंडातून अक्षर काढत नव्हती. पोत्यांना घेऊन जी गाडी हात न लावता धावली, ती त्यांना घेऊन धावत नव्हती. हात तोच, रस्ता तोच, गाडी तीच.

परत येईपर्यंत बाईंचे कान गरम झाले होते.

गॅरेजात मानाजीराव फडक्याने पाना पुसत राहिले, जसा काही तो पाना देवघरातला होता. अदिती हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत होती.

"त्या रद्दीवाल्याचा काटा खोटा असेल," कृष्णकांत एकाएकी म्हणाले.

मानाजीरावांना ते लागलं. "फोरमन सार, तो काटा मी रोज पाहतों."

"असतात खोटे. रद्दीवाले कशावर जगतात?"

"मीं एकाहत्तर असें. पाहा." ते तरातरा गेले आणि काट्यावर उभे राहिले. काटा एकाहत्तरावर थांबला. रद्दीवाल्याने दुकानातून मान बाहेर काढली, कुणी भांडायला आलंय का ते पाहिलं आणि पुन्हा आत घेतली.

"मग मागे मी निरोप पाठवला होता," कृष्णकांत जमिनीकडे बघत म्हणाले, "वरचा दांडा तीन-चार आटे बाहेर काढा म्हणून."

"बासष्टास एवढा कल दिला तर गाडी उजवीकडे धांवून समोरच्या लॉरीखालीं जाईल, सार. तुमचें ऑपरेशन झालेलें. मजला वाटलें, विसरलेत."

"हो. विसरलो असेन," कृष्णकांत म्हणाले.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. काळ्या चष्म्यामागे डोळे दिसत नव्हते. हा माणूस कारखान्यात चाळीस वर्षं एक नट विसरला नव्हता.

"जाऊ दे," संकेत मनगटावरचं घड्याळ बघत म्हणाला. "म्हातारी झालीय गाडी. चारला तो माणूस येतोय, देऊन टाकू. आई, मी तुला महिन्याच्या बोलीवर कार लावून देतो. ड्रायव्हर दार उघडेल."

"गाडी म्हातारी नाहीये," अदिती हळूच म्हणाली. "माझाच हात कमी पडतो. पोती हलत नाहीत, माणूस हलतो. मला ते सांभाळता येत नाही अजून. आई म्हणतात ते बरोबर आहे."

ती हे एवढ्या सरळ चेहऱ्याने म्हणाली की परक्याला खरं वाटलं असतं. बाईंनी हात पुढे केला.

"पंजा दाखव."

"काही नाही, आई."

"दाखव म्हणते ना."

अंगठ्याच्या बेचक्यात फोड येऊन फुटला होता. खालची कातडी लाल झाली होती. त्याच्या शेजारी दुसरा, जुना, वाळलेला. महिनाभर ही पोरगी त्यांना बाजाराला नेत होती, देवळाला नेत होती, आणि प्रत्येक खेपेला त्या तिला रस्ता कुठे आहे ते सांगत होत्या.

आपलं ठेवावं झाकून म्हणतात. पण झाकायलाही किती माणसं लागतात! एक नवरा काट्याला खोटं ठरवतोय, एक सून स्वतःला खोटं ठरवतेय.

गेल्या साली गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नर्सने त्यांना काट्यावर उभं केलं होतं आणि आकडा मोठ्याने वाचला होता. बाईंनी तिला सांगितलं होतं की, मशीन दुरुस्तीला टाका. नर्सने दुसऱ्या मशीनवर उभं केलं. त्या मशीनलाही त्यांनी तेच सांगितलं.

"मानाजीराव," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, वरच्या पट्टीतला. "अजून एक पोतं टाका."

मानाजीरावांनी पाना खाली ठेवला. "किती किलोचें म्हणून, अम्मा?"

"चोवीस."

कुणी हसलं नाही. बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे नीट पाहून खात्री करून घेतली. संकेतला खोकला आला आणि तो रस्त्याकडे बघायला गेला, एवढंच.

"बासष्ट काही खोटं नव्हतं," त्या म्हणाल्या. "संकेतच्या वेळेला बासष्टच होते. नंतर कुणी विचारलं नाही."

अदिती शेडच्या मागे गेली आणि एक पोतं ओढत घेऊन आली. भरलेलं, तोंड सुतळीने आवळलेलं. ते बघून बाईंच्या भुवया एकमेकींना भेटल्या.

"हे कधी भरलं?"

मानाजीराव लुंगीला हात पुसत म्हणाले, "सकाळीं. तुम्ही चहा घेत असतां. अदितीअम्मा म्हणाली, असूं द्या, लागलें तर."

"किती आहे त्यात?"

"पंचवीस," अदिती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"मी चोवीस म्हणाले."

"एक किलो काढतों, अम्मा," मानाजीराव घाईने म्हणाले, आणि खरोखरच वाटीने वाळू काढायला बसले.

*

तिन्ही पोती साइडकारमध्ये बसली तशी गाडी डावीकडे झुकली, ओळंब्याने ते चोख दाखवलं. मानाजीरावांनी वरच्या दांड्याचा चेकनट सैल केला, पण दांडा फिरेना. वेल्डिंगवाल्याचा काळा रंग आट्यांमध्ये जाऊन वाळला होता. रॉकेलचं फडकं गुंडाळून त्यांनी रंग मऊ केला आणि वायरब्रशने घासायला लागले. काळ्याच्या खालून पांढरं लोखंड निघालं. ते मध्येच थांबले, ब्रश बाजूला ठेवला आणि अंगठ्याने पुसून वाकून पाहिलं.

"सार, हें तुम्हीं केलें काय?"

अदिती वाकली, मग संकेत. बाईंना वाकता येत नव्हतं. त्यांनी छत्रीने दोघांना बाजूला केलं आणि स्टूल पुढे ओढून घेतलं.

दांड्याची एक बाजू कानशीने घासून सपाट केली होती. त्या अरुंद पट्टीवर नखाएवढे चिरे होते आणि प्रत्येक चिऱ्याशेजारी टोच्याने ठोकलेला आकडा. मराठी आकडे. शाळा तिसरीपर्यंतच झाली असली तरी आकडे बाईंना येत होते. त्यांनी पहिल्यावर बोट ठेवलं.

"एकोणऐंशी."

लग्न. आवडीच्या स्टेशनवरून क्वार्टरपर्यंत त्या पहिल्यांदा या साइडकारमध्ये बसल्या होत्या, एकवीस वर्षांच्या, मांडीवर ट्रंक घेऊन. पुढे ब्याऐंशी. म्हणजे ऊर्मी, थोरली लेक, आता पुण्याला असते. मग एकोणनव्वद, चांगलं दोन बोटं पुढे. संकेत. मानाजीरावांनी बासष्ट किलोला लावलेला नट नेमका त्या चिऱ्यावर उभा होता, रंगाची कडा तिथेच संपत होती. त्यापुढे शहाण्णव. त्यापुढे शून्य चार. आणि अगदी टोकाला अठरा.

शहाण्णवला गर्भाशयाचं ऑपरेशन झालं आणि अंग सुटलं. शून्य चारला अंग चढायला काही कारणच नव्हतं, नुसतं वय. दर वेळी या माणसाने रविवारी सकाळी बनियनवर बसून गाडीखाली काहीतरी खाटखूट केली होती. काय करताय म्हटलं की "तेल देतोय" म्हणायचे. आणि दर वेळी त्या सोमवारी बसल्या की गाडी सुतासारखी सरळ जायची. घरात काटा नव्हता. कधी आणला नव्हता. इतक्या वर्षांत एकदाही या माणसाने त्यांच्या ताटाकडे, लुगड्याकडे, दंडाकडे बघून चकार शब्द काढला नव्हता. अंबत्तूरच्या बायकांचे नवरे कसे चारचौघांत बोलत ते बाईंनी ऐकलं होतं.

"मानाजीराव, अठरापर्यंत न्या," त्या म्हणाल्या. मग घसा साफ करून, "अठराच्या जरा पुढेच."

दांडा आता कुरकुरत फिरू लागला. बाईंचं बोट मात्र पट्टीवर मागे मागे सरकत होतं. एक चिरा रांगेत नव्हता. एकोणऐंशी आणि ब्याऐंशीच्या मध्ये, एकोणऐंशीच्या अगदी अंगाला चिकटून आणखी एक होता, इतरांपेक्षा बारीक, हलक्या हाताने ओढलेला. आकडा होता सत्त्याऐंशी.

"अहो, हा चुकला," त्या म्हणाल्या. "सत्त्याऐंशी मागे कुठे आला?"

कृष्णकांतांनी थरथरता हात पुढे केला. बाईंनी तो धरून चिऱ्यावर ठेवला. त्यांच्या बोटाच्या टोकाने तो चाचपून पाहिला.

"नाही चुकला."

सत्त्याऐंशी. बाईंची आई फलटणला वारली ते साल. तार आली तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. पोचेपर्यंत राखही नदीला गेली होती. परत आल्यावर हे दुसऱ्याच दिवशी पहिल्या पाळीला गेले होते, डबा घेऊन, रोजच्यासारखे. बाईंनी तेव्हापासून रात्रीचं जेवण सोडलं होतं. कुणाला सांगून नव्हे. सगळ्यांना वाढून झालं की त्या मागे एकट्या जेवत, आजही तसंच होतं. तेव्हा मागे काय चाललंय ते कोण बघणार? भांडी घासली, दिवा घालवला, झालं. वर्षभर चाललं ते. बाजारातल्या बायकांना दिसलं नाही, ऊर्मी लहान होती. आणि आपली आई गेल्याचं नवऱ्याला काहीही वाटलं नाही, ही एक गाठ बाईंनी पदराला मारून ठेवली होती. अडतीस वर्षं ती सोडलेली नव्हती, भांडणात काढलीही नव्हती.

"तू रात्रीची जेवत नव्हतीस," कृष्णकांत म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी चिऱ्यावरून बोट काढलं नाही.

"गाडी उजवीकडे ओढायला लागली होती."

बाईंनी नवऱ्याचं बोट दांड्यावरून उचललं. त्याला रॉकेल आणि काळा रंग लागला होता. टी. नगरच्या चांगल्या लुगड्याचा पदर घेऊन त्यांनी ते बोट पुसलं, मग त्याच्या शेजारचं, मग सगळा पंजा. अदितीने फडकं पुढे केलं होतं. ते त्यांना दिसलं नसावं.

"संकेत, त्या हॉटेलवाल्याला फोन कर. म्हणावं, जागा भरलेली आहे."

"केला, आई," संकेत म्हणाला. तो केव्हाच खिशातून फोन काढून उभा होता.

"आणि अदिती, तू घरी गेल्यावर हाताला खोबरेल लाव. आठ दिवस भांड्यांना हात लावायचा नाही." आणखी काहीतरी बोलायचं होतं. बाईंनी ते दोनदा तोंडापर्यंत आणलं. "गाडी चांगली चालवतेस," त्या शेवटी म्हणाल्या, आणि लगेच, "पोती घेऊन."

अदिती खाली मान घालून हसली.

मानाजीरावांनी ओळंबा पुन्हा सोडला. दोरा अंगठ्याएवढा उजवीकडे लोंबला. ते समाधानाने उठले आणि मोठा पाना घेऊन चेकनटाला लावला.

"पक्कें करूं ना, अम्मा?"

"थांबा," बाई म्हणाल्या. "सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. उपाशीपोटी पक्कं केलंत तर उद्या पुन्हा ओढेल. संकेत, कोपऱ्यावरून इडल्या आण. सांबार वेगळं घे. सगळ्यांना."

"तुझ्या बांधून घेऊ घरी? तू मागाहून..."

"बांधून कशाला? इथेच."

इडल्या आल्या, केळीच्या पानांवर, वाफाळत्या. मानाजीराव हात धुवायला गेले, कृष्णकांतांच्या हातातलं पान अदितीने धरलं होतं, संकेत चटणीची पुडी सोडत होता. स्टूलावर पान ठेवून अलकनंदाबाईंनी सगळ्यांच्या आधी पहिला घास घेतला. कुणीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. किती मेहनतीने पाहत नव्हते, ते त्यांना दिसत होतं, आणि दुसरी इडली घेताना त्यांनी डोळे मिटून घेतले.